चौथी मात्रा कुठून आली

काही दिवसांपूर्वी रात्री एका पोराने फाइल पाठवली. विशीतला आहे, गेम्सच्या म्युझिकचे रीमिक्स करतो, मला दादा म्हणतो, आणि नवीन काही केलं की आधी मला पाठवतो कारण मीही बरीच वर्षं हेच केलंय. मेसेज एवढाच होता, "दादा ड्रम अँड बेस केलंय, १७४ ला. मारिओची पाण्याची लेव्हल. खरं काय ते सांग, गोड बोलू नको."

ड्रम अँड बेस म्हणजे वेगवान ड्रम्स आणि खोल बासवर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि १७४ म्हणजे मिनिटाला १७४ मात्रा. पाण्याची लेव्हल म्हटल्यावर कुठली ते विचारायची गरज नव्हती. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स, वर्ल्ड २-२, मारिओ चालत चालत आडव्या पाइपमध्ये शिरतो आणि पुढच्या क्षणी सगळं निळं, आणि ती धून सुरू होते. संगीतकार कोजी कोंडो यांची. जमिनीवरची जी धून सगळ्या जगाला पाठ आहे तिचं कौतुक भरपूर झालंय, २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या रेकॉर्डिंग्जच्या यादीत ती घेतली, गेमचं संगीत त्या यादीत जायची ती पहिलीच वेळ. पाण्याची धून तिच्या मागे राहिली. मला मात्र पहिल्यापासून हीच जास्त जवळची, त्यामुळे फाइल उघडताना थोडी धाकधूक होती हे खरं.

माझी एक सवय आहे, पहिल्यांदा ऐकताना काही लिहून घेत नाही, पॉज करत नाही, फक्त ऐकतो आणि शरीर कुठे हलतं आणि कुठे थांबतं तेवढं लक्षात ठेवतो. तर पहिली चाळीसेक सेकंदं मान मस्त हलत होती. ड्रम्स खरंच चांगले केलेत त्याने. आमेन ब्रेक घेतलाय, म्हणजे एका जुन्या गाण्यातला गाजलेला ड्रम्सचा तुकडा, आणि तयार लूप उचलून टाकलेला नाही, एकेक ठोका कापून परत मांडलाय, स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमचे ते हलके, मोठ्या ठोक्यांच्या मधले जेमतेम ऐकू येणारे ठोके असतात ना, ते त्याने जपलेत. बरेच जण तिथेच घाण करतात, सगळे ठोके एकाच जोराचे करतात आणि मग शिवणाचं मशीन चालल्यासारखं वाटतं. इथे तसं नव्हतं. इथे हात होता माणसाचा.

आणि तो हात कुणाचा आहे हे मी त्या पोराला मागे एकदा सांगितलं होतं, इथेही सांगतो. ग्रेगरी कोलमन. द विन्स्टन्स नावाच्या बँडचा ड्रमर, १९६९ चं रेकॉर्डिंग, चार बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांचा तो सोलो, सगळा मिळून सात सेकंदांचा. त्या सात सेकंदांवर पुढे जंगल आणि ड्रम अँड बेस हे संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले, हजारो गाण्यांत तो वाजला, आणि कोलमन यांना त्याचा एक पैसा मिळाला नाही, २००६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून बँडचे रिचर्ड स्पेन्सर यांना २४,००० पौंड दिले, तोवर कोलमन जाऊन नऊ वर्षं झाली होती. मला ही गोष्ट आठवली की दर वेळी आत काहीतरी तुटतं. म्हणूनच रीमिक्स करणाऱ्याने आपण काय उसनं घेतोय हे नीट बघून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ड्रम्सच्या बाबतीत या पोराने ते बघितलं होतं. मूळ ब्रेक १३७ च्या आसपास आहे, तो ओढून १७४ ला नेला तर आवाजाची पट्टीही चार अर्धस्वर वर चढते, स्नेअर कडक आणि पातळ होतो, जुन्या जंगलमध्ये तो तसाच ऐकू येतो आणि याने तो तसाच ठेवलाय. छान.

मग ४४व्या सेकंदाला धून आली आणि माझी मान थांबली.

लगेच कळलं नाही काय झालं. सूर बरोबर होते. पहिला तो चढत जाणारा जिना, मग लांब धरलेला शुद्ध गंधार, तिथून अर्धा स्वर खाली कोमल गंधारावर घसरून पुन्हा वर शुद्धावर, सगळं जागच्या जागी. तरी ओळखीचं माणूस दुसऱ्याच्या कपड्यांत समोर यावं तसं वाटत राहिलं. दुसऱ्यांदा लावलं आणि टेबलावर बोटं वाजवत मोजायला लागलो, तेव्हा कळलं. एक दोन तीन चार. एक दोन तीन चार. मूळ धून तिनाची आहे. वॉल्ट्झ आहे तो! एक दोन तीन, एक दोन तीन, आपल्याकडे दादऱ्याचा अर्धा आवर्त म्हणा हवं तर. गंधार तीन मात्रा धरला जातो, मग खालचा तीन मात्रा, मग परत वरचा तीन मात्रा. याने प्रत्येकाला एकेक मात्रा जास्त देऊन चाराच्या डब्यात बसवलं होतं. ड्रम अँड बेस चाराचं असतं, स्नेअर दोनवर आणि चारवर पडतो, त्याच्याशिवाय ते उभंच राहत नाही, मग धून तिनाची आहे तर तिला ताणून चाराची करू, असा सरळ हिशोब.

पण ती चौथी मात्रा कुठून आली? मूळ धुनेत ती नव्हतीच, आणि ती नसणं हीच त्या धुनेची सगळी गंमत आहे.

थोडं सविस्तर सांगतो, कारण मला यातच सगळं दिसतं. जमिनीवरच्या लेव्हलची धून चाराची आहे, पायांची आहे, डावा उजवा डावा उजवा, मारिओ पळतो आणि धून त्याच्याबरोबर पळते. पाण्यात आल्यावर पाय जातात. पाण्यात मारिओ आपोआप खाली बुडत असतो, ए बटन दाबलं की एक हात मारून थोडा वर येतो, परत बुडायला लागतो, परत दाबायचं. बटन दाबून धरलं तर काही होत नाही, दर हाताला वेगळं दाबावं लागतं. म्हणजे वर उचललं जाणं आणि मग हळूहळू खाली येणं, हीच पाण्यातली चाल आहे, आणि वॉल्ट्झ याच्याशिवाय दुसरं काय असतो, पहिल्या मात्रेला जोर आणि मग दोन मात्रा तरंगत खाली. कोंडो यांनी खेळणाऱ्याच्या हालचालीची लय पकडून धुना लिहिल्या हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, पण ते सांगितलं नसतं तरी बोटांना कळलंच असतं. मी कित्येकदा त्या धुनेच्या पहिल्या मात्रेवर बटन दाबत पूर्ण लेव्हल पोहलोय, तसं करून काही फायदा होत नाही, उलट स्क्विड येऊन धडकतो, तरी अंगठा ऐकतच नाही.

चौथी मात्रा टाकली की हे तरंगणं संपतं. तिसऱ्या मात्रेनंतर धुनेला पुढच्या उचलीत पडायचं असतं आणि तिथे तिला कुणीतरी हात धरून थांबवतं, दर बारला. ऐकणाऱ्याला कारण कळेलच असं नाही पण त्याला जड वाटतं. पाण्याखाली परेड चालल्यासारखं.

आता कुणी म्हणेल की बाबा तुला मूळ धुनेचा लळा आहे, तुला फास्ट केलेलं आवडत नाही एवढंच. अजिबात नाही, आणि याचा पुरावा गेममध्येच आहे. घड्याळ १०० च्या खाली गेलं की एक छोटी इशाऱ्याची धून वाजते आणि मग तेच संगीत धावत सुटतं. पाण्यातही तसंच होतं. छातीत धडधड होते, अंगठा घाईला येतो, धून जवळजवळ गिरकी घेत पळते, आणि तरीही ती तीच असते, तिला काही झालेलं नसतं, कारण तीन तीनच राहतात. म्हणजे वेग वाढवून ती मरत नाही हे कोंडो यांनीच दाखवून ठेवलंय. १७४ करा, १८० करा, माझी काही तक्रार नाही. तक्रार फक्त त्या उसन्या मात्रेची.

दुसरी गोष्ट बासची. गेम ज्यावर चालायचा त्या मूळ मशीनमध्ये आवाजाचे पाच चॅनेल, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉईज आणि एक सॅम्पलचा, आणि अख्खा गेम, चित्रं धरून, ४० किलोबाइटमध्ये. ट्रँगल चॅनेलला व्हॉल्युमच नसतो, तो वाजतो किंवा गप्प बसतो, मधलं काही नाही. त्यामुळे बासची वाक्यं लिहिताना गप्प कधी बसायचं हाच खरा निर्णय उरतो, आणि वॉल्ट्झमध्ये तो फार महत्त्वाचा, कारण पहिल्या ठोक्यानंतर खाली जागा मोकळी राहिली तरच वरच्या दोन मात्रा तरंगतात. या पोराने तिथे रीस बास लावला होता, दोन-तीन सॉ वेव्ह किंचित बेसूर करून एकमेकांवर घासणारा तो गुरगुरणारा आवाज, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. एक क्षण श्वास नाही. आवाज सुंदर होता, एकटा लावून ऐकला तर मलाही पाहिजे असं वाटलं, पण पाणी कुठे आहे मग? पाण्याच्या जागी त्याने काँक्रीट भरलं होतं.

शिवाय त्याने मूळ पट्टी तशीच ठेवली होती, पांढरी एक. तिचा खालचा सा ३२.७ हर्ट्झला जातो, एवढं खोल बहुतेक स्पीकरमधून नीट येतच नाही, आणि एक सप्तक वर घेतला तर ६५.४, तिथे तो पोटात बसत नाही, नुसता ऐकू येतो. ड्रम अँड बेसवाले बरेचदा पांढरी चारच्या आसपास राहतात, तिथे सा ४३.७ ला येतो, खोलही आणि वाजणाराही. पट्टी बदल एवढं सांगून मी तो विषय सोडला, हे त्याला कुणीही सांगितलं असतं.

आणि कॉइनचा आवाज! दर आठ बारला कॉइन. ड्रॉपच्या, म्हणजे ड्रम्स आणि बास एकदम कोसळतात त्या जागेच्या आधी उडी मारल्याचा आवाज, ड्रॉपवर पाइपचा आवाज. मी समजू शकतो, तो आवाज आला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, आपल्या माणसांची खूण पटते. पण मूळ गेममध्ये त्या आवाजांची किंमत मोजावी लागायची, इफेक्ट वाजायचा तेव्हा संगीताचा एक चॅनेल तेवढ्यापुरता बंद पडायचा, धुनेला खरंच भोक पडायचं, आणि ते भोक खेळणाऱ्याने स्वतः पाडलेलं असायचं. इथे कॉइन कुणी घेतलेलाच नाही. तो वरून चिकटवलेला आहे.

हे सगळं मी त्याला लिहून पाठवलं, सेकंदांसकट, बरंच मोठं झालं. लिहिताना दोनदा थांबलो की हे फार तर होत नाहीये ना. पण मी त्याच्या वयाचा असताना माझा पहिला रीमिक्स चार-पाच जणांना ऐकवला होता आणि सगळ्यांनी "मस्त" म्हटलं, एवढंच, आणि त्या "मस्त"ने मला पुढचे सहा महिने त्याच चुका करायला लावल्या. कुणी बसून ऐकलंच नव्हतं. म्हणून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाज जरा पडलेला. "दादा मग तिनाचं ड्रम अँड बेस करू का? स्नेअर तिसऱ्याला टाकून बघितलं, ते ड्रम अँड बेस वाटतच नाही रे." बरोबर बोलत होता तो. ड्रम्सनी चारातच राहायला पाहिजे, त्यांचाही जीव तिथेच आहे, कोलमन चारातच वाजवतात. मी म्हटलं, "अरे दोघांना एका मापात कशाला कोंबतोस, दोघांना आपापलं मोजू दे ना, सम कुठे गाठायची तेवढं ठरव." आणि मग आम्ही तासभर त्यावरच बोलत बसलो.

दोन रस्ते निघाले. पहिला, मात्रा दोघांची एकच, ड्रम्स चार-चार मोजतात, धून तीन-तीन, आणि बारा मात्रांनी दोघं एकत्र समेवर येतात. १७४ ला बारा मात्रा म्हणजे जेमतेम चार सेकंदं. मध्ये ते एकमेकांपासून सुटतात, धुनेची पहिली मात्रा कधी किकवर, म्हणजे खालच्या मोठ्या ड्रमवर पडते कधी स्नेअरवर, आणि आता हरवलं म्हणेपर्यंत सम येते. दुसरा रस्ता पाऊणपटीचा. ड्रम्सच्या चार मात्रांत धुनेच्या तीन बसवायच्या, म्हणजे ड्रम्स १७४ ला आणि धून १३०.५ ला, आणि सम दर बारला. याला तबलेवाले लोक घाबरत नाहीत, रोजचा रियाज आहे त्यांचा, पण कॉम्प्युटरच्या ग्रिडवर चौकोन चाराचेच आखलेले असतात आणि आपणही नकळत चौकोनांतच विचार करायला लागतो. मला वाटतं त्याची मूळ चूक तिथेच झाली असावी. धून त्याने कानाने बसवली नव्हती, ग्रिडवर बसवली होती.

चार दिवसांनी दुसरी फाइल आली. पट्टी बदललेली, बास पहिल्या मात्रेवर येऊन बाजूला होणारा, कॉइन सगळे गेलेले. आणि धून पाऊणपटीत.

ऐकून मी खुर्चीतून उठलोच. त्यात एक गोष्ट झाली होती जी आम्ही दोघांनीही ठरवली नव्हती. हिशोब करून बघा, १७४ ला एक मात्रा ३४५ मिलिसेकंदांची. पाऊणपटीत धुनेची दुसरी मात्रा येते त्याच्या ११५ मिलिसेकंद आधी पहिला स्नेअर पडतो, आणि धुनेची तिसरी मात्रा येऊन गेल्यावर बरोबर ११५ मिलिसेकंदांनी दुसरा स्नेअर. एक आधी, एक नंतर, तेवढ्याच अंतरावर. म्हणजे तरंगणाऱ्या ज्या दोन मात्रा आहेत त्यांना स्नेअर दोन्ही बाजूंनी ओंजळीत धरतो आणि स्पर्श करत नाही. कानाला हे आकडे कळत नाहीत, कानाला फक्त एवढं कळतं की खाली कुणीतरी जिवाच्या आकांताने पळतंय आणि वर कुणीतरी शांतपणे पोहतंय, आणि दोघांना एकमेकांचा त्रास होत नाहीये. लाटा आणि तळ. मी ते चार बार किती वेळा फिरवून ऐकले सांगता येणार नाही.

सगळंच जमलंय असं नाही. मधला भाग अजून लांब आहे, बत्तीस बार नुसते पॅड्सचे लांब धरलेले सूर आणि रिव्हर्बचा घुमारा, तिथे ड्रम्स पूर्ण काढलेत आणि खाली पळणारं कुणी नसलं की वरच्याचं पोहणं कळत नाही, निदान हाय-हॅट तरी चालू ठेवायला हवा होता. शेवटचं मास्टरिंगही फार दाबलंय, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच संपवलाय, वेव्हफॉर्म बघितला तर भिंत. लोक जिथे ऐकणार तिथे सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीला आणला जातो, मग एवढं दाबून हातात काय येतं, उलट ते हलके ठोके जे त्याने इतक्या मायेने जपले होते ते मोठ्या ठोक्यांच्या बरोबरीला येऊन बसले. हे सांगितलं त्याला, जरा रागावूनच सांगितलं.

पण शेवटचं मिनिट. ते त्याने मला आधी सांगितलं नव्हतं. धून पाऊणपटीत चालू आहे, सगळं स्थिर, आणि अचानक तो इशारा वाजतो, घड्याळ १०० च्या खाली गेल्याचा. अख्ख्या ट्रॅकमध्ये गेममधला घेतलेला हा एकच आवाज. ड्रम्स एका केसानेही बदलत नाहीत, तेच १७४, तोच ब्रेक, आणि धून मात्र १३०.५ वरून थेट १७४ ला उडी घेते, पहिल्या रस्त्यावर येते, मात्रेला मात्रा, आणि सम जी इतका वेळ दर बारला भेटत होती ती एकदम लांब जाते, बारा मात्रा पलीकडे. गेममध्ये जे होतं तेच, तीच धडधड, आणि तीन तीनच.

मी हेडफोन काढून त्याला फोन लावला. उचलल्यावर काय बोलायचं ते पटकन सुचेना. तोच म्हणाला, "दादा, ते शेवटचं कळलं ना?" मी म्हटलं थांब, परत लावतो, आणि फोन कानाशी तसाच ठेवून स्पीकरवर शेवटचं मिनिट लावलं आणि टेबलावर बोटांनी मोजायला लागलो. पलीकडून त्याचाही मोजण्याचा आवाज येत होता, नऊ, दहा, अकरा, बारा.